मुदत कुणाला, दंड कुणाला?



मुदत म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पीककर्ज ठरल्या तारखेला भरलं नाही की व्याजाची सवलत गेली. वीजबिल चुकलं की दंड. सरकारची मुदत मात्र रबराची.

वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम करायचं, तर केंद्राच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. तज्ज्ञ समितीने ६० दिवसांत शिफारस करायची, पुढच्या ४५ दिवसांत निर्णय कळवायचा. एकूण १०५ दिवस. मेख अशी, की दिवस मोजायचे ते सगळे कागद पोचल्यापासून. अमका नकाशा जोडा, तमका खुलासा द्या, असं एक पत्र निघालं की घड्याळ बंद! १९७४च्या जल प्रदूषण कायद्यातही चार महिन्यांत उत्तर नाही आलं तर संमती मिळाली असं समजावं, अशी तरतूद केली गेली. पण अर्ज 'सर्व बाबतींत पूर्ण' हवा. तो पूर्ण झाला की नाही, हे ठरवणार कोण? ज्याला अडवायचंय तोच.

लायसन्स-परमिटच्या खिडकीशी उभं राहून ज्यांच्या पिढ्या गेल्या, ते आम्ही मुदत नको कशाला म्हणू? अडलेल्या फायलीचा टेबलाखालचा दर आम्हाला ठाऊक आहे. उत्तर लवकर यावं. पण लवकर म्हणजे 'हो'च, असं कुणी ठरवलं तर आमचं भांडण आहे. जानेवारी २०२२मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने राज्यांच्या प्राधिकरणांना गुण द्यायचं ठरवलं. ८० दिवसांच्या आत मंजुरी दिली तर दोन गुण, १०५च्या वर गेली तर शून्य. शंभरात दहापेक्षा कमी प्रकरणांत जागा पाहिली, तर त्याचाही गुण! उद्या शेतावर न जाता पंचनामा केला म्हणून तलाठ्याला बक्षीस देतील.

आणि गावाला किती दिवस? जनसुनावणीची नोटीस ३० दिवसांची. २०२०च्या मसुद्यात त्याचे २० करायला निघाले होते. अहवाल शेकडो पानांचा, तोही इंग्रजीत. मराठीत फक्त सारांश. बांधकाम प्रकल्पांना तर २००६च्या अधिसूचनेने जनसुनावणीच ठेवली नाही. वरच्या अंगाला नाला बुजवून इमारती उठतात आणि पावसाळ्यात पाणी आपल्या शेतात शिरतं, तेव्हा कळतं की मंजुरी झाली होती. मग हरित लवादाकडे जा. अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. एक्याण्णवाव्या दिवशी दार बंद. तिथे रबर नाही.

आमचं म्हणणं असं. काय कागद कमी आहेत ते पहिल्या १५ दिवसांत एकदाच सांगा. त्यानंतर घड्याळ थांबणार नाही. मुदतीच्या दिवशी 'हो' किंवा 'नाही', कारणांसह, लेखी, मराठीत. गप्प बसणं म्हणजे मंजुरी, हे चालणार नाही. साहेबाच्या आळसाची शिक्षा नाल्याकाठच्या शेतकऱ्याने का भोगावी? दंड साहेबाच्या पगारातून घ्या. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, असा दंड लिहिलेला आहे. माहितीला जे चालतं ते मंजुरीला का नाही?

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. येताना आपल्या शिवारालगत कुठे काय बांधलं जातंय आणि पाणी कुठून वाहतं, ते कागदावर लिहून आणा.