कळसूबाईच्या शिडीवरची रांग

जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी बारी गावातून कळसूबाईकडे निघालं की डोंगराआधी दिसतात ती पुढच्यांच्या पाठीवरची ओझी. लोखंडी शिडीपाशी तर हमखास खोळंबा. खालचे चढू पाहताहेत, वरचे उतरू पाहताहेत आणि मधल्या पायरीवर कुणीतरी फोटोसाठी मान वळवून उभं. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. माथ्यावर पोहोचल्यावर धुक्यात देवीच्या देवळापलीकडचं काही दिसत नाही ते नाहीच.

तेच शिखर डिसेंबरच्या सकाळी गाठावं. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट ओळीनं उभं असतं, दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी आणि त्यामागे रतनगडाचा खुटा. रांग नसते.

भंडारदरा परिसराला दोन महिन्यांच्या शनिवार-रविवारात कोंबून आपण त्याच्यावर आणि स्वतःवरही अन्याय करतो आहोत. रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ पाहून रतनगड चढायचा, माथ्यावरच्या नेढ्यात बसून भन्नाट वारा खायचा, हे कोरड्या ऋतूत अधिक निवांत जमतं. साम्रदची सांदण दरी तर पावसाळ्यात उतरायचीच नसते. काही ठिकाणी दोन्ही हातांनी दोन्ही भिंती टेकता येतील इतकी ती अरुंद. वर पाऊस पडला की सगळं पाणी त्याच घळीतून धावतं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत उभा आहे आणि पिंडीभोवती गारठवणारं पाणी आहे. कोकणकड्यावर सूर्य पाठीशी आणि समोर दरीत ढग असा योग जुळला, तर त्या ढगावर आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते दिसायला ऊन लागतं, म्हणजे मुसळधार पाऊस कामाचा नाही!

काजव्यांची गोष्ट वेगळी. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंतच हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर ते लखलखतात; तो मोसम पुढे ढकलता येत नाही. पण काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. त्यावर मोटारींचे हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या रोखायच्या, वर पुन्हा ‘यंदा काजवे कमी दिसले’ म्हणायचं, याला काय म्हणावं? १९८६ पासून हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, याची आठवण गाडीतला स्पीकर लावताना तरी व्हावी.

गर्दीमुळे गावाला चार पैसे मिळतात, हा युक्तिवाद खरा आहे. पण रातोरात बसनं येऊन, पहाटे चढून, दुपारी परतणारा माणूस गावात चहा आणि भजीपलीकडे काही घेत नाही. मुक्काम करणारा घरात जेवतो, भाकरी-पिठल्याचे पैसे थेट त्या घरात जातात, वाटाड्यालाही रोजगार मिळतो. पावसाळ्यात दोन महिने झुंबड आणि नंतर शुकशुकाट, यापेक्षा वर्षभर थोडीथोडी माणसं येणं गावाच्या जास्त फायद्याचं.

वनखात्यानं काजव्यांच्या मोसमात आणि पावसाळी सुट्ट्यांना गाड्या आणि माणसं मोजून सोडावीत. ट्रेक नेणाऱ्या मंडळींनी ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या तारखाही तितक्याच जोरात जाहीर कराव्यात. आणि वाचकांनी? एखादा आडवार रजा टाकून साम्रद नाहीतर रतनवाडीत मुक्कामाला जावं. येताना आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा.