दोन गॅलऱ्या आणि एक रविवार



१८ ऑगस्ट २०२४ च्या रविवारी कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा ड्युरँड कपातला सामना व्हायचा होता. आदल्या दिवशी तो रद्द झाल्याचे जाहीर झाले. बंदोबस्ताला पुरेसे पोलीस देता येणार नाहीत, असे कारण देण्यात आले. दोन्ही संघांना एकेक गुण वाटून दिला गेला. पण सामना नसतानाही त्या दुपारी दोन्ही क्लबांचे हजारो पाठीराखे सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर जमले. हिरवा-तांबडा आणि लाल-पिवळा असे दोन्ही रंग एकाच रस्त्यावर होते. तिसऱ्या जुन्या क्लबाचे, मोहमेडन स्पोर्टिंगचे लोकही आले होते. जमावबंदीचा हुकूम होता, पोलिसांनी लाठीमार केला, काहींना गाड्यांत कोंबून नेले. एका रंगाच्या माणसाने दुसऱ्या रंगाच्या माणसाला खांद्यावर उचलून घेतल्याची छायाचित्रे देशभर पोहोचली. घोषणा होती ती एका स्त्रीसाठी. दोन गॅलऱ्यांचा एकच सूर, आर. जी. करला न्याय द्या.

९ ऑगस्टला आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालमधल्या बायका गावोगावी रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी रात्रीवर हक्क सांगितला, तेही आपल्यातल्या अनेकींनी आपापल्या गावी मेणबत्त्या हाती घेऊन अनुभवले. पण फुटबॉलच्या त्या रविवाराबद्दल आपल्या वर्तुळात फारसे बोलले गेले नाही. दोनच दिवसांनी बदलापूरच्या रेल्वे रुळांवर माणसे उतरली आणि आपले सगळे लक्ष तिकडे गेले, हे एक कारण. दुसरे कारण मात्र आपल्या मनात आहे. हा पुरुषांचा खेळ, पुरुषांची गर्दी, तिच्याशी आपल्याला काय करायचे आहे? या अंकाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला, वाद बराच झाला, आणि एकमत झाले नाही. तरीही हे संपादकीय लिहावेसे वाटले.

या दोन क्लबांचे भांडण केवळ चेंडूचे नाही. मोहन बागान १८८९ चा. १९११ साली त्याच्या खेळाडूंनी, एक सोडून बाकी सगळे अनवाणी, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ ने हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, आणि तो विजय स्वदेशीच्या काळात साऱ्या बंगालचा झाला. नऊ वर्षांनी त्याच बंगालमध्ये रेघ पडली. १९२० मध्ये जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून एका पूर्वबंगाली खेळाडूला वगळले. हा पूर्वेकडच्यांचा अपमान आहे असे मानून क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि ईस्ट बंगाल क्लब निघाला. पुढे फाळणी झाली. पूर्वेकडून लाखो निर्वासित आले आणि हरवलेल्या देशाचे नाव ज्याच्या माथ्यावर अजून शाबूत होते असा हा क्लब त्यांचे घर झाला. पश्चिमेकडचे मूळचे ते 'घोटी', पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल'. मोहन बागान जिंकले की बाजारात कोळंबी महागणार आणि ईस्ट बंगाल जिंकले की इलिश मासा, हे कलकत्त्यातले शेंबडे पोरही सांगेल.

आता जरा थांबून पाहू या. ही 'घोटी' आणि 'बांगाल' ओळख जपली कुठे गेली? मैदानात नव्वद मिनिटे, आणि बाकीचा सगळा काळ स्वयंपाकघरात. भाजीत चिमूटभर साखर घालायची की नाही, खसखशीचे वाटण करायचे की सुके मासे रांधायचे, लेकरांशी ढाका-बारिसालच्या बोलीत बोलायचे की कलकत्त्याच्या. हे सगळे बाईने सांभाळले. तिने इलिश साफ केला, कापला, मोहरी वाटली आणि जिंकून आलेल्या मंडळींना वाढला. 'वधू पाहिजे'च्या जाहिरातींत पूर्व बंगाल की पश्चिम बंगाल हे जातीच्या जोडीने छापले गेले. घोटी घरातली मुलगी बांगाल घरात पडली की तिची बोली, तिचा हात, तिचे मासे बदलणार, आणि मुले बापाच्या रंगाचीच निघणार. क्लब बापाकडून येतो, आडनावासारखा. आई कोणत्या संघाची, हे विचारण्याची पद्धत नाही. या पाठीराखेपणाला 'रक्तात असणे' म्हणतात. ते रक्त कुणाच्या बाजूचे मोजायचे, हे मात्र आधीच ठरलेले असते.

निर्वासितांच्या बायकांनी तर याहून पुष्कळ केले. जादवपूर, बिजयगड, नेताजीनगर अशा वसाहती १९४७ नंतर मोकळ्या जमिनींचा ताबा घेऊन उभ्या राहिल्या. त्या उठवायला पोलीस आणि जमीनदारांचे गुंड आले तेव्हा बायका झाडू आणि बोंटी घेऊन पुढे झाल्या. बोंटी म्हणजे आपली विळी. बंगालमध्ये ज्या बायका पूर्वी उंबरठ्याबाहेर पडत नव्हत्या त्या कचेऱ्यांत, शाळांत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागल्या त्या याच काळात, कारण घर चालवायचे होते. ऋत्विक घटकांच्या 'मेघे ढाका तारा' मधली नीता आपण फिल्म सोसायटीच्या पडद्यावर पाहिली आहे. घराला पोसताना ती स्वतः झिजून जाते. लाल-पिवळ्या रंगाचा इतिहास सांगताना निर्वासितांची जिद्द, त्यांची झुंज हे शब्द नेहमी येतात. ती झुंज सांगताना गोल करणाऱ्यांची नावे येतात, विळी घेऊन उभ्या राहिलेल्यांची येत नाहीत.

जानेवारी २०२० च्या सामन्यात ईस्ट बंगालच्या गॅलरीत एक प्रचंड फलक उलगडला गेला. ही माती रक्त देऊन घेतली आहे, कागद दाखवून नव्हे, अशा अर्थाचा. नागरिकत्वाच्या कागदपत्रांविरुद्ध देशभर आंदोलन चालू होते तेव्हाची ही गोष्ट. एरवी समोरची गॅलरी यांना 'काटेरी तार' म्हणून हिणवते, म्हणजे कुंपण ओलांडून आलेले. त्या टोमण्याला हे उत्तर होते आणि सरकारलाही. आम्हाला ते आवडले. आसामात २०१९ च्या यादीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली. तिथे बायकांचे हाल कसे झाले हे तिकडच्या कार्यकर्त्या सांगत आल्या आहेत. लहानपणी लग्न झालेले, शाळेचा दाखला नाही, माहेरचे नाव एक आणि सासरचे दुसरे. बापाशी नाते सिद्ध करायला हातात फक्त ग्रामपंचायतीचा कागद. गॅलरी जे बोलली ते या बायकांचेही दुःख होते. गॅलरीला ते ठाऊक असेल-नसेल.

म्हणून आमच्यातल्या काहींचे म्हणणे असे की ही गर्दी म्हणजे नुसता हुल्लडबाज जमाव नव्हे. तिला आठवण आहे, संघटना आहे, एका रात्रीत हजारो माणसे रस्त्यावर आणण्याची ताकद आहे. ती आपल्या मोर्चांना कधी लाभली? शिवाय मरणाची ओळखही तिला आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मेले. सामना पाहायला गेलेली सोळा माणसे घरी परतली नाहीत. तेव्हापासून कलकत्त्यात त्या दिवशी रक्तदान होते. एका रविवारी भांडण बाजूला ठेवता येते हे त्या शहराला अगदीच नवे नव्हते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. त्या गॅलरीत बसलेल्या बाईला विचारा. प्रतिस्पर्ध्याला शिवी घालायची ती त्याच्या आईवरून आणि बहिणीवरून. त्याला हरवले हे सांगायला जी क्रियापदे वापरली जातात ती आपण इथे छापणार नाही, पण ती सगळी बलात्काराची आहेत. कोल्हापूरच्या मैदानावर पेठापेठांच्या तालमींचे सामने पाहिलेल्या आपल्या मैत्रिणींना हे वेगळे सांगावे लागणार नाही. रविवारी न्याय मागणारा तोच कंठ पुढच्या सामन्यात काय ओरडेल? आणि न्याय तरी कुणासाठी मागितला? ऑगस्टच्या अखेरीस उपांत्य सामन्यात मोहन बागानच्या प्रेक्षकांनी जो मोठा फलक लावला त्यात 'आमच्या बहिणीला' न्याय हवा होता. ती बहीण नसती तर? कुणाचीच कुणी नसती, केवळ कामावर असलेली एक डॉक्टर असती तर? मथुरेच्या निकालापासून, १९७९ च्या त्या खुल्या पत्रापासून आपण हेच सांगत आलो आहोत की आम्ही कुणाच्या इज्जतीच्या पेट्या नाही.

शिवाय राज्यकर्त्यांनीही 'संरक्षणा'चा अर्थ तोच लावला. १७ ऑगस्टला, म्हणजे सामना रद्द झाला त्याच दिवशी, पश्चिम बंगाल सरकारने स्त्रियांच्या सुरक्षेची योजना जाहीर केली. त्यात एक सूचना होती की शक्य तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नये. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर सरकारने ती मागे घेण्याचे कबूल केले. बाईला रात्रीतून काढा आणि गर्दीला मैदानातून, म्हणजे शांतता! या दोन हुकुमांमधले नाते त्या रविवारच्या पोरांना कळले होते की काय, कोण जाणे. पण लाठी खाऊन ती पळाली नाहीत.

आणि खेळणाऱ्या बायका? बंगालच्या शांती मल्लिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमध्ये तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या खेळत होत्या तेव्हा या दोन थोर क्लबांकडे मुलींचा संघ नव्हता. २००१ मध्ये दोघांनीही तो काढला, पण टिकवला नाही. पुरुषांच्या संघासाठी परदेशी खेळाडू आणणाऱ्या क्लबांना मुलींचे बूट आणि बसभाडे जड झाले असावे. ईस्ट बंगालने पुढे पुन्हा मुलींचा संघ उभा केला आणि २०२४-२५ च्या हंगामात त्याच मुलींनी भारतीय महिला लीग जिंकली. पुरुषांच्या संघाला राष्ट्रीय लीग जिंकून तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. त्या दिवशी बाजारात इलिश महागला का, हे आम्ही कलकत्त्याच्या मैत्रिणींना विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सियालदहच्या न्यायालयाने एका आरोपीला जन्मठेप दिली. मुलीचे आईवडील समाधानी नाहीत. आणखी कोण सामील होते, पुरावे कुणी पुसले, हे त्यांचे प्रश्न तसेच आहेत. सामने मात्र सुरू झाले आहेत.

आमच्या वादातून निदान एक काम निघाले. कलकत्त्याच्या त्या रविवारी आलेल्यांत मुलीही होत्या, दोन्ही रंगांच्या. बाप-भावांबरोबर आलेल्या, आणि एकट्याही आलेल्या. गॅलरीत बसायची जागा त्यांनी कशी मिळवली, शिव्या सुरू झाल्या की त्या काय करतात, उठून जातात, कानाडोळा करतात की उलट बोलतात, हे त्यांच्याकडून ऐकून पुढच्या अंकात द्यायचे ठरले आहे. आपल्याकडेही मैदाने आहेत. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, मुंबईच्या कूपरेजवर सामना पाहायला गेलेल्या मैत्रिणींनी, आणि जायची इच्छा असून न गेलेल्यांनीही, आपले अनुभव महिनाअखेरपर्यंत पाठवावेत. नाव छापायचे नसेल तर तसे पत्रावर लिहावे.

– संपादक मंडळ