‘रिट्रेंचमेंट’चा अर्थ आणि व्यावहारिक मराठीचे अध्यापन

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतरच्या सात दशकांत पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातील बोलीने कारखान्यातले असंख्य इंग्रजी शब्द पचविले. ‘शिफ्ट’, ‘मस्टर’, ‘ओव्हरटाइम’ यांचे अर्थ कोणाला विचारावे लागले नाहीत. ते वापरातून कळत गेले. ‘रिट्रेंचमेंट’चे तसे झाले नाही. हा शब्द कामगाराच्या आयुष्यात बहुधा एकदाच, तोही नोटिशीतून येतो. आणि त्या वेळी त्याचा अर्थ चुकणे परवडणारे नसते.

कोशात ‘कपात’, ‘छाटणी’ असे प्रतिशब्द मिळतात. प्रतिशब्द मिळाला की अर्थ मिळाला, ही व्यावहारिक मराठीच्या अध्यापनातील रूढ समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. छाटलेल्या द्राक्षवेलीला पुन्हा फूट येते. छाटलेल्या नोकरीला ती येईलच असे नाही. शिवाय पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्याच्या सीमांनी ठरतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने शिस्तभंगाची शिक्षा, स्वेच्छानिवृत्ती, वयोमानानुसार निवृत्ती आणि १९८४ पासून मुदतीच्या कराराचे नूतनीकरण न होणे, या गोष्टी ‘रिट्रेंचमेंट’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या होत्या. ‘कामावरून काढले’ या मराठी शब्दप्रयोगात यांतील बरेच काही एकत्र सामावते. कायद्यात मात्र किमान वर्षभर सलग सेवा केलेल्या कामगाराची ‘रिट्रेंचमेंट’ झाली, तरच त्याला एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई या कलमान्वये मिळे. २००७ मध्ये आकुर्डीतील बजाज ऑटोच्या कारखान्यात वाहन-उत्पादन थांबले, तेव्हा कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. कारखाना थांबला असता निवृत्तीतील ‘स्वेच्छा’ कोणाची, हा प्रश्न भाषेचाही आहे.

या सीमांविषयी न्यायालयांतही मतभेद झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या प्रकरणात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने चालू उद्योगातील अतिरिक्त कामगार कमी करणे, एवढाच अर्थ ग्राह्य धरला. १९७६ मध्ये त्याच न्यायालयाने व्याख्येतील ‘कोणत्याही कारणास्तव’ या शब्दांवर भर देऊन अर्थविस्तार केला. १९९० मध्ये घटनापीठाने तो मान्य केला. अर्थसंकोच आणि अर्थविस्तार या संकल्पना शिकविण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

शेजारच्या शब्दांचीही हीच अवस्था आहे. कारखान्यातील ‘ले-ऑफ’ म्हणजे काम तात्पुरते बंद, मात्र नाव मस्टरवर कायम. हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत तोच शब्द कायमच्या निरोपासाठी वापरतात. ‘टाळेबंदी’ हा मालकाने संघर्षात उपसलेल्या शस्त्रासाठी रूढ शब्द. २०२० मध्ये साथीच्या निर्बंधांसाठी तो वापरला गेला आणि त्यातील मालक-कामगार संघर्षाचा संदर्भ पुसट झाला.

तर मग इंग्रजी शब्दच ठेवावा, असे कोणी म्हणेल. परंतु देवनागरीत लिहिल्याने शब्द समजत नाही, आणि निव्वळ ‘कपात’ म्हटल्यानेही नाही. प्रतिशब्द एकच व स्थिर असावा आणि त्यासोबत त्याची व्याप्ती साध्या मराठीत सांगितलेली असावी. नव्या औद्योगिक संबंध संहितेमुळे ही निकड वाढली आहे. निश्चित मुदतीची नेमणूक संपणे हे तिने स्पष्टपणे कपातीबाहेर ठेवले आहे. चाकणमध्ये मुदतीच्या नेमणुकीवर रुजू होणाऱ्या तरुणाला हे वाक्य नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी कळावयास हवे.

या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी परीक्षेत ‘प्रतिशब्द लिहा’ हा प्रश्न विचारणे थांबवावे. त्याऐवजी एक नोटीस द्यावी आणि विचारावे : यात कामगाराचे नेमके काय झाले आहे, आणि कोणत्या शब्दावरून ते कळते?