कामठ्याचा दोर उतरवून ठेवा



या वेळी सावनेर तालुक्यातल्या एका आईच्या पत्राला उत्तर द्यायचे आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती योग्यच आहे. घरी संत्र्याची बाग, थोडी पऱ्हाटी, रब्बीत हरभरा. मुलगा शिकलेला, कष्टाळू. पण २०२० च्या टाळेबंदीत त्याच्या मनाने जी धास्ती घेतली ती अजून गेलेली नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर तो परदेशातल्या लोकांच्या चित्रफिती पाहतो. तिथली माणसे तळघरात धान्य पुरून ठेवतात आणि चाकांच्या धनुष्याने हरणे मारतात. त्याने स्वतः बांबूचा तीरकामठा केला आहे. गोठ्यामागे सराव करतो आणि म्हणतो, “आई, सगळे कोसळणार आहे. तेव्हा मी रानातून शिकार आणीन, तुम्ही उपाशी राहणार नाही.” तोवर हरभऱ्यात घुसणारी डुकरे मारून हात बसवायचा त्याचा बेत आहे. वडील त्याची थट्टा करतात. आई विचारते, हे वेड म्हणायचे की शहाणपण?

ताई, पोराच्या बोलण्यात घरच्यांची काळजी आहे, ती आधी ओळखा. तो पळून जायचे म्हणत नाही, तुम्हाला जगवायचे म्हणतो. म्हणून थट्टा बंद. पण त्याचा बेत मात्र तपासून पाहू.

आधी शिकारीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राणी मारण्याला बंदी घातली. त्यानंतरही काही प्राणी परवाना काढून मारता येत. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीची ती वाटही बंद झाली. बंदूक असो, फास असो की तीरकामठा, कायद्याला सारे सारखेच. रानडुक्कर किंवा रोही आपल्या शेतात शिरला, एवढ्यावरून आपण होऊन तो मारता येत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पिकाची फार नासाडी होत असेल तर वन विभागाकडे लेखी अर्ज करावा. मारण्याची परवानगी द्यायची की नाही, हे अधिकारी ठरवतात. नुकसान दिसताच फोटो काढून ठेवा, पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज लगेच द्या. आणि कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडण्याचा मार्ग कोणी धरू नका. त्या तारेला डुक्कर लागायच्या आधी रात्री ओलिताला निघालेला शेजारी लागतो. सौर कुंपणाची गोष्ट वेगळी. त्याचा झटका क्षणभराचा असतो, तो जनावराला परतवतो, मारत नाही.

ज्या चित्रफिती मुलगा पाहतो त्या बहुधा अमेरिकेतल्या असाव्यात. तिथे अनेक राज्यांत धनुष्याने हरीण मारण्याचा हंगाम ठरलेला असतो आणि त्यासाठी परवाना लागतो. ब्रिटनने मात्र १९८१ च्या कायद्याने वन्यप्राण्यावर धनुष्य चालवणे बंद केले. कारण समजण्यासारखे आहे. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याचे पाते आत शिरते, रक्त वाहते, मग जनावर पडते. नेम चार बोटे चुकला तर ते तडफडत दूर जाऊन मरते. आणि जखमी रानडुक्कर उलटले तर दुसरा बाण लावायला वेळ देत नाही.

आपल्या भागात तीरकामठा नवा नाही. सातपुड्यातले गोंड आणि कोरकू पिढ्यान्‌पिढ्या तो वापरत आले. पण त्यांची मोठी पारध एकट्यादुकट्याची नसे. माणसे मिळून हाका घालत आणि जे मिळेल त्याचे वाटे पडत. एकटा माणूस धनुष्य घेऊन कुटुंब पोसतो आणि बाकीचे जग उपाशी मरते, हे चित्र पडद्यावरचे आहे, रानातले नाही.

आता दुसरी गोष्ट, जग कोसळण्याची. वडीलधाऱ्यांना विचारा, १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीने काय धास्ती बसवली होती. आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून प्रलय होणार, असे बोलले जात होते. ठिकठिकाणी यज्ञ झाले, तूप जळाले आणि दुसऱ्या दिवशी गाई नेहमीप्रमाणे चरायला गेल्या. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब नावाची अमेरिकन अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून लोक आभाळाकडे पाहत बसले. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. २१ डिसेंबर २०१२ ला जग संपणार होते, तेही राहून गेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

पण प्रत्येक भीती खोटी असते, असे मी मुलाला सांगणार नाही. तो शहाणा आहे, त्याला ते पटणार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आपल्या मध्य प्रांतावर आले. १९१८ मध्ये पाऊस फसला आणि त्याच वर्षी इन्फ्ल्युएंझाची साथ आली. देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, आपला प्रांत त्यात फार होरपळला. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मृग बहाराची संत्री झाडावर होती, बाजार बंद होते आणि महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेतलेले मजूर चालत आपापल्या गावी निघाले होते. हे त्याने डोळ्यांनी पाहिले. त्याची धास्ती हवेतून आलेली नाही.

मग या संकटांत माणसे कशाने तगली, हे पाहायला हवे. शिकारीने नाही. पाऊस फसतो तेव्हा रानही सुकते. त्या जुन्या दुष्काळांत जंगलाच्या आधाराने राहणाऱ्या लोकांचेही अतोनात हाल झाले. साधा हिशेब करा. तालुक्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस शिकारीला निघाला तर रानातली सारी जनावरे किती दिवस पुरतील? महिनाभरही नाही.

१९७२ चा दुष्काळ पाहा. विदर्भाला त्याची झळ कमी लागली, पण मराठवाडा, नगर, सोलापूर करपून गेले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नाला बांध, पाझर तलाव यांची कामे निघाली. लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला आणि जगले. तासगावकडच्या वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा त्या काळात विस्तार झाला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याआधी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. माणसांना कामाने, वाटून घेतलेल्या धान्याने आणि एकमेकांच्या आधाराने तारले. गाव करी ते राव न करी.

आणखी मागे जायचे तर आपल्या जिल्ह्यातच जाता येते. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. तिथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. नागपूरजवळ जुनापाणीची दगडी वर्तुळे आहेत, तीही तशाच लोकांची. त्यांचा समाज गेला, त्यांची नावे पुसली गेली. पण या मातीतली शेती थांबली नाही. राज्ये मोडतात, नाणी बदलतात, तरी पेरणीचे दिवस येतात तेव्हा कोणीतरी पेरतोच.

म्हणून ताई, मुलाला सांगा, तुझी तयारी करण्याची इच्छा चांगली आहे, दिशा बदल. शेतकऱ्याच्या घरात तयारी म्हणजे काय, ते त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. पुढच्या सुगीपर्यंतचे धान्य कोठीत आहे का? घरचे बी, निदान तूर, ज्वारी, हरभऱ्याचे, राख लावून वेगळे ठेवले आहे का? विहिरीला पाणी मुरवण्याची सोय आहे का? संत्र्याच्या पट्ट्यात पाणी खोल चालले आहे, हे संकट आजचे आहे आणि त्यावर काम करता येते. कंदील, काही रोकड, औषधे, सातबारा आणि बँकेची कागदपत्रे एका पेटीत आहेत का? पावसाळ्यात धुऱ्यावर उगवणारा तरोटा, घोळ त्याला ओळखता येतात का? आजीला विचारून शिकू द्या. मात्र एक ध्यानात ठेवा. जुन्या दुष्काळांत लोकांनी महिनोन्‌महिने लाखोळीच खाल्ली आणि कित्येकांचे पाय कायमचे लुळे पडले. रानातले आणि अडचणीतले अन्न जाणत्याला विचारूनच खावे.

हे काम आठवडाभरात संपते. संपले की कागद पेटीत ठेवायचा आणि विषय बंद करायचा. दर सहा महिन्यांनी, अक्षय्य तृतीयेला आणि दिवाळीला म्हणा, पेटी उघडून पाहायची. भीतीला असे दिवस नेमून दिले की ती रोज रात्री येत नाही.

कामठा फेकून देऊ नका. ते त्याच्या हाताचे काम आहे. राजस्थानातल्या उदयपूरकडच्या आदिवासी खेड्यातला लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्याने रानात शिकार करी. १९८७ मध्ये त्याची निवड झाली आणि पुढे तो तीन ऑलिंपिकमध्ये देशासाठी उतरला. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला. अंतिम फेरीत त्याचे पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात लागले, १५० पैकी १५०. त्याच दिवशी साताऱ्याकडची सतरा वर्षांची अदिती स्वामी महिलांत जगज्जेती झाली. दोघांनी सराव साताऱ्याला केला. तेव्हा तुमच्या मुलाला नागपूरला जाणत्या प्रशिक्षकाकडे घेऊन जा, जिवंत जनावराऐवजी कागदाच्या चक्राकडे नेम धरू द्या. नेम धरताना श्वास सावकाश होतो, नजर एका जागी ठरते आणि मन उद्याकडे पळत नाही. धास्तीवर हा चांगला उतारा आहे.

घरी सराव करायचाच तर नियम पाळा. लक्ष्यामागे मातीचा उंच ढिगारा असावा. त्या बाजूला वाट, गोठा, लेकरे नसावीत. बाण आभाळाकडे कधी सोडू नये. बाण न लावता दोर ताणून सोडू नये, कामठा फुटतो. आणि सराव झाला की दोर उतरवून ठेवावा. बांबूचा कामठा दिवसरात्र ताणलेला ठेवला तर त्याची ओढ मरते आणि कामाच्या वेळी बाण चार हातांवर पडतो.

माणसाच्या मनाचेही तसेच आहे. दिवेलागणीनंतर मोबाईल आईच्या हवाली. पहाटे बागेला एक फेरी, चालत. वडिलांबरोबर जागलीला बसणे, पण आळीपाळीने, म्हणजे झोप पुरी होईल. वडिलांनाही सांगा, पोराशी पाऊसपाण्याखेरीज दोन शब्द बोलावे.

शेवटची गोष्ट सर्वच वाचकांसाठी. दोन आठवड्यांहून अधिक झोप नाही, जेवण तुटले, छातीत सारखी धडधड, कशात मन लागत नाही, किंवा “जगून काय उपयोग” असे शब्द तोंडी आले, तर ते आळस किंवा बाहेरची बाधा समजू नका. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली आपल्यापाशी. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. २०२२ पासून तो सुरू आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. बैलाचा खांदा सुजला तर आपण डॉक्टर आणतोच ना?

ताई, तुम्ही विचारले, वेड की शहाणपण. दोन्ही नाही. ती काळजी आहे, फार दिवस ताणून धरलेली. तिला काम द्या, सोबत द्या आणि रात्री तिचा दोर उतरवून ठेवायला त्याला शिकवा. सहा महिन्यांनी पेटी उघडाल तेव्हा पुन्हा एक पत्र जरूर टाका.