बंधन संवेदकावर नको, स्फोटकावर हवे

लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर दरीचे छायाचित्र टिपणाऱ्या पर्यटकाने मोबाइल आडवा धरताच पडद्यावरील चित्रही आडवे होते, याचे कारण त्या यंत्राच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान अशा सिलिकॉनच्या चकतीत एक सूक्ष्म भार अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असून, तो किंचित सरकताच विद्युत्-धारितेत पडणाऱ्या फरकावरून त्वरण मोजले जाते. आणि अग्निबाणाच्या दिग्दर्शनाचा पायाही हाच आहे. साहजिकच, बाजारात सुट्या मिळणाऱ्या संवेदकांवर विद्यार्थी रॉकेटाचे प्रयोग करू लागले की त्यातून उद्या शस्त्रे निपजतील, अशी शंका उद्भवते.

ही शंका निराधार नाही. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनद्वारे स्फोटके टाकण्यात आली, आणि युक्रेनमध्ये कोसळलेल्या रशियन क्षेपणास्त्रांच्या अवशेषांत नागरी उपयोगाच्या पाश्चात्त्य चिप आढळल्या. तथापि भय वास्तवाच्या मापाने मोजले पाहिजे. त्वरणमापकात गुरुत्वत्वरणाच्या केवळ सहस्रांशाएवढी स्थिर चूक राहिली, तरी तिचा परिणाम काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाऊन स्थानाचा अंदाज एका मिनिटात सुमारे १८ मीटरांनी व दहा मिनिटांत सुमारे पावणेदोन किलोमीटरांनी ढळतो; म्हणजे केवळ संवेदकाने अचूक शस्त्र घडत नाही. पुण्यातील पाषाणच्या एआरडीई या संरक्षण-संशोधन संस्थेने रचलेल्या आणि ज्याचे प्रक्षेपक मावळातील तळेगावातही घडतात, त्या पिनाक या लष्करी रॉकेटामागे केवळ संवेदक नव्हे, तर प्रणोदक, धातुविद्या, चाचणीक्षेत्रे आणि अनेक संस्थांचे दीर्घ परिश्रम उभे आहेत.

ज्ञानाची वाट अडवून काय साधते, हे पुण्याने अनुभवले आहे. अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांसाठी उपयोग होईल या भयाने अमेरिकेने शक्तिमान क्रे महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन-संस्थेने खुल्या बाजारातील ट्रान्सप्युटर (समांतर गणनेसाठीच्या चिप) एकत्र जोडून १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. जो नकार आपल्याला अन्यायकारक वाटला, तोच आपण आपल्या मुलांच्या माथी मारणे शोभणारे नाही.

मग बंदोबस्त कशाचा करावा? कोट्यवधी मोबाइलांत असलेल्या संवेदकाचा करणे अशक्य आहे; प्रणोदक व स्फोटक यांचा मात्र शक्य असून, त्यांच्या परवान्यांचा अखत्यार असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. निर्यातीच्या नियंत्रणासाठी दुहेरी (नागरी व लष्करी) उपयोगाच्या वस्तूंची स्कोमेट ही यादी आहे, आणि २०१६ पासून भारत क्षेपणास्त्र-तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा सभासदही आहे. उणीव आहे ती प्रामाणिक विद्यार्थ्याला कायद्याच्या चौकटीत प्रयोग करता येईल अशा सरळ वाटेची.

लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग आणि दाट वस्ती यांनी व्यापलेले लोणावळा-तळेगावचे मावळ खोरे उड्डाणास योग्य नाही, हे उघड आहे. म्हणून राज्य सरकारने निर्जन जागी एक चाचणी-मैदान मुक्रर करावे. प्रयोगाची जबाबदारी महाविद्यालयाने लेखी स्वीकारावी. इंधनाची नोंद व हवाई परवानगी सक्तीची करावी. आणि १९४५ पासून लोणावळ्यात नौदलाचे अभियंते घडविणाऱ्या आयएनएस शिवाजीसारख्या संस्थांतील निवृत्त तज्ज्ञांना पर्यवेक्षणासाठी पाचारण करावे. चोरून केलेल्या प्रयोगापेक्षा नोंदवहीत लिहिलेला प्रयोग राष्ट्राच्या सुरक्षिततेस अधिक पोषक असतो. सरकारने ही तजवीज विनाविलंब करावी.