कारखान्यात काम नसेल तेव्हा

आज बऱ्याच घरांत एक भाऊ शेतीवर आणि दुसरा कारखान्यात अशी वाटणी असते. सोसायटीचा हप्ता, खताची गोण, बहिणीचे लग्न, सारे त्या कारखान्यातल्या पगारावर निभते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावरची आयात जकात पन्नास टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा असा पगार थांबला तर काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत निघाला.

त्याच महिन्यात स्वित्झर्लंडवरही ३९ टक्के जकात बसली. घड्याळे, यंत्रे, चीज, साऱ्यांना झळ पोचली. (नोव्हेंबरमध्ये समझोता होऊन ती १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले.) तिथे अशा वेळी माणसे काढून टाकण्याऐवजी कामाचे तास कमी करतात आणि बुडालेल्या पगाराचे ८० टक्के बेकारी विम्यातून मिळतात. समजा, पगार पाच हजार फ्रँक आहे आणि काम निम्मे झाले. अडीच हजार कामाचे आणि बुडालेल्या अडीच हजारांपैकी दोन हजार विम्याचे, म्हणजे साडेचार हजार हाती पडतात. हा काही सरकारचा धर्मादाय नव्हे. मालक आणि कामगार दोघेही दर महिन्याला पगाराच्या १.१ टक्का त्या विम्यात भरत असतात.

अर्ज कामगाराने नाही, मालकाने करायचा. तोही काम कमी करण्याच्या निदान दहा दिवस आधी, आपल्या प्रांताच्या कचेरीत. नुसते ‘जकात वाढली’ लिहून भागत नाही. मागील विक्रीचे आणि हाती असलेल्या मागणीचे आकडे जोडावे लागतात, आणि ही मंदी तात्पुरती आहे, माणसे राखली तर पुढे उपयोगी पडतील, हे पटवावे लागते. निदान दहा टक्के काम बुडालेले हवे. प्रत्येक कामगाराची संमती लागते. ती दिली नाही तर त्याला पुरा पगार द्यावा लागतो. पगार ठरल्या दिवशी मालकाने आधी स्वतः द्यायचा, मग तीन महिन्यांच्या आत विम्याकडे मागायचा. मुदत चुकली की हक्क गेला.

आपल्याकडे असा विमा नाही. आपला आधार म्हणजे ले-ऑफची भरपाई, आणि ती मालकाच्याच खिशातून येते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून होईल त्याच्या निम्मी. त्यासाठी कारखान्यात पन्नास किंवा जास्त कामगार हवेत, हजेरीपटावर नाव हवे आणि एक वर्षाची सलग नोकरी हवी. हंगामी कारखान्यांना हे लागू नाही, हे आपल्या साखरपट्ट्यातल्या लोकांनी ध्यानात घ्यावे. बदली कामगारालाही हा हक्क नाही. मात्र त्याचे वर्ष पुरे भरले असेल तर तो या कामापुरता बदली राहत नाही.

आता आपल्या घरांत हमखास होते ते सांगतो. ले-ऑफ लागला की पोरगा पिशवी उचलून गावी येतो. पेरणी तोंडावर असते, वडिलांनाही हात हवा असतो. पण ले-ऑफच्या काळात ठरल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यावर हजर राहावे लागते. हजर झाल्यावर दोन तासांत काम दिले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरतात. जो हजर नाही, त्याला त्या दिवसाची भरपाई नाही. तेव्हा त्याला गावी बोलावण्याआधी हिशेब करा: निम्मा पगार जास्त की मजुराची मजुरी? आणि रोज गेटवर आपली हजेरी लागली की नाही, हे त्याने स्वतः पाहावे.