प्रतीचा हक्क आणि संहितेचा मान

इंग्रजीतील ‘कॉपीराइट’ हा शब्द तसा प्रामाणिक आहे. प्रत काढण्याचा हक्क, एवढेच तो सांगतो. मराठीने त्याला ‘स्वामित्वहक्क’ म्हटले आणि एका मुदतबंद व्यापारी सवलतीला मालकीचे, जवळजवळ मठाधिपत्याचे वजन मिळवून दिले. पुस्तकाच्या आरंभी ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापले जाते तेव्हा कोणते हक्क, कोणाच्या स्वाधीन आणि किती काळ, हे प्रश्न सहसा लेखकाला पडत नाहीत. समीक्षकाला तर नाहीतच. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा सुरू होताच ‘कायदा आणखी कडक करा’ अशी मागणी मराठी साहित्यव्यवहारातून उमटावी, यात नवल नाही. परंतु ही मागणी चुकीच्या निदानावर उभी आहे. मराठी वाङ्मयापुढील मुख्य संकट चोरीचे नाही, विस्मृतीचे आहे. आणि विस्मृतीच्या बाबतीत विद्यमान कायदा रोगाच्या बाजूने उभा राहतो.

या कायद्यात दोन भिन्न कल्पना एकत्र नांदतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९५७ च्या भारतीय कायद्याचे कलम १४ प्रत काढणे, अनुवाद करणे, रूपांतर करणे, प्रयोग करणे यांचा एकाधिकार देते. तो विकता येतो, वारशाने मिळतो. कलम ५७ मात्र वेगळेच काही सांगते : कृती आपली आहे असे म्हणण्याचा आणि तिची विकृती रोखण्याचा लेखकाचा विशेष हक्क पहिला हक्क विकून टाकल्यावरही उरतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना लेखकाची बाजू उचलून धरली. पहिला हक्क बाजाराचा आहे, दुसरा संहितेच्या मानाचा. आपल्या चर्चेत दुसऱ्याविषयीचा आदर पहिल्याच्या खात्यावर जमा होतो, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

मराठी परंपरेने हे दोन हक्क कधीच एक मानले नव्हते. पोथीची नक्कल करणे हे पुण्यकर्म होते. पोथीत स्वतःचे घुसडणे हा अपराध होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात आपली ओवी मिसळू पाहणाऱ्याला खडसावले. नक्कल करू नका, असे त्यांनी म्हटले नाही. उलट नामदेव-तुकारामांच्या नाममुद्रेने स्वतःचे अभंग रचणारे अनामिक कवी आपली रचना दुसऱ्याच्या नावे करीत होते. कायद्याला ठाऊक असलेल्या वाङ्मयचौर्याच्या नेमका उलटा हा व्यवहार. त्याने पाठचिकित्सकांना जो ताप दिला तो अद्याप सरलेला नाही, आणि त्या काळात अक्षराची वाट कोणाला खुली होती हे विसरून त्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. मुद्दा एवढाच की पाठाची निष्ठा आणि प्रतीची मक्तेदारी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी दुसरी लागतेच असे नाही. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली म्हणून ती उरली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूप झाली. कोणत्या कायद्याच्या उत्तेजनाने त्या रचीत होत्या, हे उत्तेजनाच्या सिद्धांतवाद्यांनी सांगावे.

कुलूपबंद संहितेचा अनुभवही मराठीला आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत ठेवले. हेतू रक्षणाचा होता आणि तो बराच सफलही झाला. परंतु लिपीची किल्ली राजवाड्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या हाती येईपर्यंत मराठीचे आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला कैक शतके नसल्यासारखेच होते. आजच्या डिजिटल कुलपांचे समर्थन करणाऱ्यांनी हा इतिहास एकदा तरी नजरेखालून घालावा. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आणले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अभ्यासासारख्या मान्य कारणांना कायद्याने सूट दिली आहे, पण ती सूट वापरायची किल्ली मात्र कोणाकडेच दिलेली नाही.

मुदतीचा इतिहास तर उघड उघड वारसांचा आणि विक्रेत्यांचा इतिहास आहे. कंपनी सरकारच्या १८४७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षे किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांतील जी मुदत लांब ती धरली जाई. १९१४ मध्ये ती मृत्यूनंतर पन्नास वर्षे झाली. १९९१ च्या अखेरीस रवींद्रनाथांच्या मृत्यूला पन्नास वर्षे पूर्ण होऊन विश्वभारतीच्या हातून त्यांचे ग्रंथ सुटणार असे दिसताच वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासाची साठ झाली. एका संस्थेच्या काळजीपोटी झालेला हा बदल सर्व भाषांतील सर्व लेखकांना लागू झाला. भा. रा. तांबे रवींद्रनाथांच्याच वर्षी, चार महिन्यांच्या अंतराने वारले. त्यांची कविता १९९२ च्या आरंभी सर्वांची व्हायची ती २००२ मध्ये झाली. साने गुरुजी २००१ ऐवजी २०११ मध्ये मुक्त झाले, मर्ढेकर २००७ ऐवजी २०१७ मध्ये. या वाढीव दहा वर्षांमुळे तांब्यांनी एखादी कविता अधिक लिहिली असती काय? मृत कवीला उत्तेजन देता येत नाही, ही गोष्ट संसदेला सांगावी लागू नये. दुसरी गंमत अशी की याच दशकात आपल्या विद्यापीठीय विभागांत बार्तच्या आधारे लेखकाचा मृत्यू शिकवला जात होता. वर्गात लेखक जिवंतपणीच वारला आणि कायद्यात तो मेल्यावर साठ वर्षे जगू लागला. या विसंगतीवर मराठीत एखादी गंभीर चर्चा व्हावयास हरकत नव्हती.

मुदतवाढीने खपणाऱ्या पुस्तकाचे फारसे बिघडत नाही. ‘श्यामची आई’ हक्क असतानाही घरोघरी होती आणि नसतानाही आहे. मार खाते ते न खपणारे पुस्तक, आणि त्याहून अधिक नियतकालिक. १९८२ मध्ये बंद झालेल्या ‘सत्यकथे’चे किंवा १९५५ ते १९७५ या काळातील अनियतकालिकांचे उदाहरण घ्यावे. मासिकाच्या अंकातील प्रत्येक कविता, प्रत्येक टिपण, प्रत्येक पत्र यांचा हक्क सामान्यतः ज्याच्या त्याच्या लेखकाकडे असतो; संपादकाकडे संपूर्ण अंक पुन्हा छापण्याचा अधिकार आपोआप येत नाही. १९६८ च्या एका अंकात वीस जणांचे लेखन असेल आणि त्यांतील शेवटचा लेखक १९९९ मध्ये वारला असेल, तर तो अंक समग्रपणे खुला व्हायला २०६० साल उजाडावे लागेल. तोवर प्रत्येकाच्या वारसांची संमती हवी. एकाने विवाह करून आडनाव बदललेले, दुसऱ्याची मुले परदेशी, तिसऱ्याने टोपणनावाने लिहिलेले आणि ते कोणाचे हे सांगणारा संपादकही आता हयात नाही. यांपैकी कोणी नकार देत नसते. बहुतेकांना आपल्याकडे असा काही हक्क आहे याचीच कल्पना नसते. पण होकारावाचून छापता येत नाही, आणि विचारायला माणूस सापडत नाही. अनियतकालिकांचा कागद मुळात स्वस्त, अनेकांची छपाई चक्रमुद्रणाची. ज्या पिढीने प्रस्थापित प्रकाशनसंस्थांना वळसा घालून एका नव्या, गरीब तंत्राच्या बळावर मराठी कविता बदलली, तिचे मूळ दस्तऐवज त्याहून समर्थ तंत्र हाती असताना कपाटात भुगा होत आहेत.

कायद्याला हे दिसत नाही असे नाही. कलम ५२ मध्ये २०१२ साली भर पडली : अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रती काढण्याची मुभा तर त्याआधीपासूनच आहे. म्हणजे पुणे-मुंबईच्या जुन्या ग्रंथालयाने अंक स्कॅन करावा. मात्र नांदेडच्या किंवा पणजीच्या संशोधकाला तो आपल्या जागी बसून वाचता यावा, अशी वाट हे कलम करून देत नाही. जतन करा, पण दाखवू नका. अडवून ठेवलेल्या ग्रंथासाठी सक्तीचा परवाना देण्याची तरतूद कलम ३१ मध्ये आहे, आणि लेखक मृत, अज्ञात किंवा न सापडणारा असेल तर कलम ३१-अ आहे. परंतु हे परवाने ज्या प्रताधिकार मंडळाने द्यावयाचे ते २०१७ मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले, ते न्यायाधिकरण २०२१ मध्ये बरखास्त झाले आणि काम न्यायालयांकडे गेले. तीनशे प्रतींच्या पुनर्मुद्रणासाठी न्यायालयात जाणारा मराठी प्रकाशक अद्याप जन्माला यायचा आहे.

अनुवादाच्या बाबतीत तर आपण मागे गेलो आहोत. १९१४ च्या कायद्यातील कलम ४ नुसार येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या अनुवादाचा अनन्य हक्क दहाच वर्षे टिके. त्या मुदतीत लेखकाने एखाद्या भाषेत स्वतः अनुवाद प्रसिद्ध केला वा करविला, तर त्या भाषेपुरता तो पुढे चाले. दहा वर्षांत लेखकाने मराठीची वाट धरली नाही तर मराठीने लेखकाची वाट धरावी, असा हा सरळ न्याय होता. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत रुजवले त्या काळात हाच कायदा अमलात होता, आणि त्याच्या धास्तीने बंगाली कादंबरीकारांनी लेखणी खाली ठेवली असे बंगाली वाङ्मयेतिहास सांगत नाही. जानेवारी १९५८ मध्ये नवा कायदा अमलात आला आणि ही मुभा गेली. तिच्या जागी सात वर्षांनंतर परवान्यासाठी अर्ज करण्याची तरतूद आली, आणि तो अर्ज आज कोठे करायचा हे वर आलेच आहे. स्वतंत्र भारताने भारतीय भाषांमधील देवघेव वसाहतकाळापेक्षा अवघड करून ठेवली, ही गोष्ट भाषिक ऐक्याच्या व्यासपीठांवर क्वचितच उच्चारली जाते.

यावर हक्कवाद्यांचे म्हणणे असे की या साऱ्यात जिवंत लेखकाचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. नवी कादंबरी बाजारात येताच तिची पीडीएफ फिरू लागते, त्यात लेखकाचे आणि छोट्या प्रकाशकाचे नुकसानच आहे. त्याला मुक्त संस्कृतीचे नाव देणे हा ढोंगीपणा होय. परंतु लेखकाला खरोखर काही देणाऱ्या तरतुदी कोणत्या, हेही पाहिले पाहिजे. २०१२ मध्ये गीतकारांना आणि संगीतकारांना मानधनातील जो वाटा मिळाला, तो त्यांना विकून टाकता येत नाही. हा मनाई करण्याचा हक्क नव्हे, वाट्याचा हक्क आहे. कलम १९ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, हक्क घेऊन वर्षभर न वापरणाऱ्या प्रकाशकाकडून तो हक्क लेखकाकडे परत येतो. वापरा, नाहीतर सोडा, हे तत्त्व प्रकाशकाला लागू असेल तर साठ वर्षे न वापरणाऱ्या वारसाला ते का लागू नसावे? दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन बड्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला. अध्यापनासाठी केलेल्या संकलनांना कायद्याची मुभा आहे असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, आणि पुढच्या वर्षी वादींनी दावा मागे घेतला. या छायाप्रतींनी ज्ञाननिर्मितीचा कणा मोडेल अशी तेव्हा दिलेली हाक आज आठवून पाहण्यासारखी आहे.

आता यंत्रांविषयी. जिवंत लेखकाचे लेखन न विचारता, मोबदला न देता गिळणाऱ्या कंपन्यांवर कारवाई व्हावी, यात दुमत असू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावणारी एएनआय ही वृत्तसंस्था होती. असा दावा चालविण्याची ऐपत वृत्तसंस्थेकडे असते, कवीकडे नसते. कायदा कडक झाल्यास करार होतील ते मोठ्या कंपन्या आणि मोठे हक्कधारी यांच्यात. मराठी कवीला त्यातून काय मिळेल याचा अंदाज बांधायला गणित लागत नाही. या भांडणात आणखी एक गोष्ट नजरेआड होते. ही यंत्रे जी मराठी शिकतात ती त्यांना सहज सापडणारी मराठी : बातम्या, सरकारी सूचना, इंग्रजीवरून ओढूनताणून केलेला मजकूर. राजवाडे-केतकरांचे लेखन हक्कमुक्त असूनही त्यातील पुष्कळसे शोधता येईल अशा स्वरूपात नाही, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कसदार गद्य कुलपात आहे. उद्याचा विद्यार्थी यंत्राला मराठी वाक्य विचारील तेव्हा त्याच्या पदरी कोणती मराठी पडणार, हे या कुलपावरही ठरते. प्रामाणिक ग्रंथपाल कायद्याला घाबरून थांबतो. ज्याला घाबरायचे कारण नाही, तो थांबत नाही.

तेव्हा साहित्य संमेलनांतून मागणी करायचीच तर ती वेगळी असावयास हवी. लेखकाच्या मृत्यूनंतर मनाईचा हक्क संपावा आणि ठराविक मुदतीपर्यंत मोबदल्याचा उरावा. दहा वर्षे बाजारात नसलेल्या ग्रंथाला आणि नियतकालिकाला ग्रंथालयाने खुले करावे, हक्कदार पुढे आला तर त्याला त्याचा वाटा मिळावा. अनुवादाची १९१४ ची मुभा भारतीय भाषांपुरती परत आणावी. लेखकाचे नाव आणि पाठाची शुद्धता यांना मुदत असू नये. हयात लेखकांना मात्र संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही : कलम २१ नुसार आपले हक्क, सर्व किंवा काही, जाहीर सूचनेने सोडता येतात. मराठी विभागांतील जे प्राध्यापक स्वतःच लेखक आहेत आणि ज्यांचे प्रबंध व समीक्षाग्रंथ एका आवृत्तीनंतर पुन्हा निघण्याची शक्यता नाही, त्यांनी ही सूचना देण्यास प्रारंभ करावा.